तारीख मिळाली म्हणजे काम झालं नाही: मॅमोग्रामसाठी प्रोमोतोरांबरोबर काम करणाऱ्या मराठी स्वयंसेवकांसाठी

ऑक्टोबर, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीचा महिना, जवळ आला की ह्यूस्टनमधल्या आमच्या केंद्रात पब्लिक हेल्थ शिकणारी मराठी मुलं-मुली मॅमोग्रामच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या, मोहिमेत मदतीला येतात. आमच्या वस्तीत मेक्सिको, होंडुरास, एल साल्वादोरहून आलेल्या बायका जास्त. मुलं हुशार असतात, मनापासून राबतात आणि दर वर्षी त्याच चुका करतात. आधी गुलाबी पत्रकं छापतात, मग बायका गोळा करतात. मशीन कुठलं, पैसे कोण भरणार, काही निघालं तर पुढे काय, हे सगळ्यात शेवटी विचारतात. हा क्रम उलटा करायचा आहे.

प्रोमोतोरा म्हणजे वस्तीतलीच, त्याच भाषेतली, शिकून तयार झालेली बाई. आपल्या आशाताईची लांबची बहीण म्हणा. टेक्सासमध्ये तिला राज्याचं प्रमाणपत्र मिळवायचं तर १६० तासांचं प्रशिक्षण घेता येतं. तुम्ही तिचे मदतनीस आहात, साहेब नाही. हे एकदा पक्कं झालं की पुढचं सोपं जातं.

## १. आधी शेवटचं टोक बांधा

एकाही बाईशी बोलायच्या आधी, निदान महिनाभर अगोदर, जिथे तपासणी होणार तिथल्या व्यवस्थापकाबरोबर तासभर बसा आणि या प्रश्नांची उत्तरं लिहून घ्या.

पहिला प्रश्न: विमा नसलेल्या बाईच्या मॅमोग्रामचे पैसे कोण देणार? संघराज्याचा स्तन आणि गर्भाशयमुख कर्करोग तपासणी कार्यक्रम १९९१ पासून राज्यांमार्फत चालतो. त्याचा मुख्य रोख ४० ते ६४ वयाच्या, विमा नसलेल्या किंवा अपुरा विमा असलेल्या, कमी उत्पन्नाच्या बायकांवर आहे. उत्पन्नाची कमाल मर्यादा दारिद्र्यरेषेच्या २५० टक्के. राज्य ती खाली आणू शकतं, आणि टेक्सासने २०० टक्क्यांवर आणली आहे. ज्या बाईकडे विमा आहे तिची नेहमीची तपासणी बहुतेक विम्यांत खिशाला हात न लावता होते.

दुसरा प्रश्न: बिलं किती येणार? ज्या ठिकाणी मशीन आहे त्यांचं एक आणि फोटो वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टचं वेगळं, अशी दोन बिलं येऊ शकतात. पहिलं माफ झालं आणि दुसरं घरी पोचलं, तर ती बाई पुढच्या वेळी येत नाही. तिच्या जावाही येत नाहीत.

तिसरा प्रश्न, जो कोणीच विचारत नाही: परत बोलावलं तर त्या जादा तपासण्यांचे पैसे कोण देणार, आणि कर्करोग निघाला तर उपचार कुठे? २००० सालच्या कायद्यामुळे वरच्या कार्यक्रमातून निदान झालेल्या बाईला मेडिकेडमधून, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्यातून, उपचार मिळू शकतात. पण त्यासाठी नागरिकत्व किंवा इमिग्रेशनचा ठरावीक दर्जा लागतो. आमच्या बऱ्याच बायकांकडे तो नाही. अशांसाठी काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, रुग्णालय काय करतं, कुठल्या खिडकीवर अर्ज द्यायचा, कोणते कागद लागतात, हे आधी माहीत हवं. या प्रश्नाचं उत्तर मिळालं नसेल तर मोहीम पुढे ढकला. गाठ शोधून द्यायची आणि मग हात वर करायचे, हे कुणाच्याही वस्तीत करू नये.

सावध: २०२५ पासून संघराज्याच्या आरोग्य योजना आणि इमिग्रेशन यांवरून नियमांची ओढाताण चालू आहे, कोर्टबाजीही झाली आहे. मागच्या वर्षीचं उत्तर यंदा चालेल असं धरू नका. नवं उत्तर घ्या, आणि ते लेखी घ्या.

तपासा: "फुकट" हा शब्द पत्रकावर टाकायच्या आधी, काय काय फुकट आणि कुठपर्यंत फुकट, हे एका वाक्यात सांगता येतंय का?

## २. कोणाला बोलवायचं आणि कोणाला वेगळ्या दाराने न्यायचं

अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाची एप्रिल २०२४ पासूनची शिफारस सरळ आहे: सर्वसाधारण धोका असलेल्या ४० ते ७४ वयाच्या बायकांनी दर दोन वर्षांनी मॅमोग्राम करावा. मेक्सिकोच्या सरकारी नियमातही ४० ते ६९ वयात दोन वर्षांतून एकदा असं आहे. त्यामुळे "हे काय नवीन काढलंय" असं त्या बायकांना वाटत नाही. "इथे ते मला कुठे करून मिळणार" हा त्यांचा प्रश्न असतो.

आता आपल्या लोकांची खास चूक. महाराष्ट्रात नर्सिंग किंवा वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या मुलींच्या डोक्यात भारतातला कार्यक्रम पक्का बसलेला असतो: वय ३० पूर्ण झालं की सुरुवात, दर पाच वर्षांनी आणि हाताने तपासणी. तिथली साधनं आणि तिथले आकडे पाहून तो आखलेला आहे. इथे येऊन तिशीतल्या बाईला "हाताने बघून घ्या, पुरे आहे" सांगितलं की दोन्हीकडून घोटाळा. तिशीतल्या बाईला मोहिमेची गरज नसते आणि पन्नाशीतल्या बाईला हाताची तपासणी पुरत नाही.

वय काही असो, या बायकांना मोहिमेच्या रांगेत उभं करू नका:

- जिला गाठ लागतेय, बोंडातून स्राव येतोय, कातडी ओढली गेल्यासारखी किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसतेय. हिला नेहमीची नव्हे, निदानाची तपासणी लागते आणि त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी हवी. नेहमीच्या तपासणीला नेलंत तर दारातून परत पाठवतील आणि दोन आठवडे वाया जातील.
- जिच्या आईला, बहिणीला किंवा मुलीला हा आजार झालाय. हिचं वेळापत्रक डॉक्टरने ठरवायचं.
- जी गरोदर आहे किंवा अंगावर पाजते. आधी डॉक्टरशी बोलणं.

गाठीला बऱ्याच जणी "बोलिता" म्हणतात, म्हणजे छोटा गोळा. फॉर्मवर "ट्यूमर आहे का?" असं विचारलं की उत्तर नाही येतं. "कुठे बोलिता लागते का?" विचारलं की हात आपोआप त्या जागी जातो. हा एक प्रश्न प्रोमोतोराला विचारू द्या, तुमच्या पुस्तकी स्पॅनिशमध्ये नको.

## ३. प्लातिका: दहा बायका, एक स्वयंपाकघर

सभागृहात साठ खुर्च्या मांडू नका. काम होतं ते प्लातिकेत, म्हणजे कुणाच्या तरी घरी जमलेल्या आठ-दहा जणींच्या गप्पांत. यजमानीण प्रोमोतोराने निवडायची. वेळ संध्याकाळची किंवा रविवारी चर्चनंतरची. घरकाम, सफाई किंवा शेतमजुरी करणाऱ्या बाईचा दिवस बुडाला तर त्या दिवसाचे पैसेही बुडतात.

बोलण्याचा क्रम असा ठेवा. आधी त्यांचं ऐका, मग तपासणीत काय होतं ते सांगा, मग पैशांचं, आणि शेवटी परत बोलावण्याचं. आकडेवारीने सुरुवात केलीत की खोली गार पडते. "हिस्पॅनिक बायकांमध्ये कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत स्तनाचा कर्करोग पहिला आहे" हे खरं आहे. पण ते पहिल्या मिनिटाला सांगितलं तर बायका एकमेकींकडे बघतात आणि मुलांना झोपवायचं निमित्त काढून उठतात.

ऐकायला काय मिळेल? "दुखत नाही तर कशाला?" हे तर आपल्याकडेही घरोघरी ऐकतो. दुसरं एक वाक्य आहे, "एल के बुस्का, एनक्वेंत्रा". जो शोधायला जातो त्याला सापडतंच, म्हणजे नसती ब्याद कशाला उकरून काढायची. त्यावर वाद घालू नका. अनुभवी प्रोमोतोरा नुसतं म्हणते, "हो, आणि लवकर सापडलं तर लहान सापडतं." तिसरी अडचण लाजेची: मशीनवर पुरुष असेल का? अमेरिकेत मॅमोग्राम घेणाऱ्या तंत्रज्ञ जवळपास सगळ्या बायकाच असतात. तरी आपल्या केंद्रापुरतं आधी विचारून घ्या आणि नेमकं सांगा.

तपासणी कशी होते तेही हाताने दाखवा. दोन तळव्यांत छोटी उशी धरून दाबायची: इतकं, काही सेकंद, मग सोडलं. प्रत्येक बाजूचे दोन, एकूण चार फोटो. पाळी येणाऱ्या बाईला पाळीनंतरच्या आठवड्यातली तारीख द्या, तेव्हा कमी दुखतं. "अजिबात दुखत नाही" असं सांगू नका. एकीला दुखलं की तुमचं बाकीचं सगळंही खोटं ठरतं.

सावध: स्पॅनिशमध्येही तू आणि तुम्ही आहे. मोबाइलवरच्या ॲपवरून शिकलेली मुलं साठीच्या बाईला "तू" म्हणतात. "उस्तेद" म्हणा. वयस्क बाईच्या नावाआधी "दोन्या" लावा. आपण कुणाच्या आजीला अरे-तुरे करत नाही, तसंच.

सावध: ग्वातेमाला किंवा मेक्सिकोच्या दक्षिणेकडून आलेल्या सगळ्यांची घरची भाषा स्पॅनिश नसते. माम, किचे, मिश्तेको बोलणाऱ्या बायका स्पॅनिशला मान डोलावतात आणि निम्मं कळत नाही. "घरी काय बोलता?" हे पहिल्यांदाच विचारा.

इमिग्रेशनचा विषय निघतोच. दर्जा विचारायचा नाही. कुणी आपणहून सांगितला तरी लिहायचा नाही. "ग्रीन कार्डावर परिणाम होईल का?" याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही, प्रोमोतोरानेही नाही. मोफत कायदा-मदत केंद्राचा नंबर खिशात ठेवा आणि तो द्या.

## ४. नोंदणी: इथे सगळ्यात जास्त बिघडतं

स्पॅनिशमध्ये अपॉइंटमेंटला "सीता" म्हणतात. प्रोमोतोरा पहिल्यांदा फोनवर "सीता, सीता" करते तेव्हा आमची नवी मुलं चमकून वर बघतात. हसून झालं की कामाला लागा, कारण सीता घालवण्याचे तीन हमखास रस्ते या टप्प्यात आहेत.

नाव. मारिया गार्सिया लोपेस. यातलं गार्सिया वडिलांकडून आलेलं, लोपेस आईकडून. रोजच्या वापरातलं आडनाव गार्सिया. पण अमेरिकन संगणकाला शेवटचा शब्द आडनाव वाटतो, म्हणून ती कुठे लोपेस होते, कुठे गार्सिया, कुठे मधे आडवी रेघ. लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावलं असेल तर तिसरीच बाई तयार. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका बाईला फोटोत काहीतरी वेगळं दिसलं म्हणून परत बोलावलं. जुने फोटो मागवले तर "नोंद नाही." जुने फोटो होते, पण आईच्या आडनावाखाली, त्याच संगणकात. शेजारी ठेवून बघितले असते तर ती जागा वर्षानुवर्षं तशीच आहे हे कळलं असतं. वाट बघण्याच्या त्या तीन आठवड्यांत तिने मुलीच्या लग्नाचे पैसे बाजूला काढून बहिणीकडे ठेवले होते. नावाचा हा घोळ आपल्याला तरी कळायला हवा. मधे वडिलांचं नाव, मग नवऱ्याचं नाव, पासपोर्टवर वेगळं, सातबाऱ्यावर वेगळं, अशा कागदांवर आपण वाढलो.

म्हणून ओळखपत्र समोर ठेवून अक्षरन् अक्षर तसंच उतरवा. खाली वेगळ्या रकान्यात लिहा: आधी कुठल्या नावाने तपासणी झाली होती, कुठल्या शहरात, साधारण कधी.

जन्मतारीख. ती ०३/०८ सांगते तेव्हा ३ ऑगस्ट म्हणते, आपल्यासारखीच. क्लिनिक ते ८ मार्च वाचतं. महिना शब्दांत लिहा. एवढंच.

फोन. अनोळखी नंबर या बायका उचलत नाहीत, आणि रुग्णालयाचा फोन बहुतेक अनोळखीच दिसतो. निरोपपेटी भरलेली असते. त्यामुळे नोंदणी संपण्यापूर्वी तिच्याच फोनमध्ये क्लिनिकचा नंबर साठवून द्या, तिला ओळखू येईल अशा नावाने. नवऱ्याच्या नजरेला पडलेलं चालेल का तेही विचारा. दुसरा नंबर घ्या, कोमाद्रेचा म्हणजे जवळच्या मैत्रिणीचा, आणि "हिच्याजवळ काय बोललं तर चालेल?" याचं उत्तर शेजारी लिहा.

तपासा: नाव ओळखपत्राप्रमाणे, महिना शब्दांत, दोन फोन, जुन्या तपासणीचं ठिकाण, भाषा, स्तनांत इम्प्लांट आहेत का (असतील तर जास्त वेळाची जागा लागते). यातलं एक जरी रिकामं असेल तर बाईला उठू देऊ नका.

यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही. फोटो काढून सुद्धा नाही. हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी कुणीतरी टाकतंच.

## ५. तपासणीचा दिवस

आदल्या दिवशी प्रोमोतोराचा फोन, लिखित निरोप नव्हे. डिओडरंट, पावडर, मलम नको. त्यातले कण फोटोत ठिपक्यांसारखे दिसू शकतात. अंगात सलग झगा नको, वर-खाली वेगळे कपडे, कारण फक्त वरचा काढावा लागतो. ओळखपत्र आणि पैसे कोण भरणार त्याचा कागद.

जायची सोय आदल्या दिवशी ठरलेली हवी. ह्यूस्टनमध्ये गाडी नसेल तर दोन बस बदलण्यात सकाळ जाते. लहान मुलांना कोण सांभाळणार तेही ठरवा. स्वयंसेवकाचा इथे खरा उपयोग होतो: बाहेरच्या खोलीत मुलांजवळ बसणं. सगळ्यांना आत जाऊन समजावून सांगायचं असतं. आत तुमची गरज नाही.

दुभाषा लागला तर केंद्राकडून मागा. संघराज्याचा पैसा घेणाऱ्या केंद्रांना तो मोफत द्यावा लागतो. बारा वर्षांच्या मुलीला आईच्या तपासणीचं भाषांतर करायला उभं करू नका, तिने कितीही हौसेने पुढे होऊन "मी सांगते" म्हटलं तरी.

मॅमोग्रामची फिरती गाडी येणार असेल तर अजून एक: बायकांना रस्त्यावर रांगेत उभं करू नका. नावं पुकारू नका.

## ६. निकालाचं पत्र

बहुतेक मोहिमा पाचव्या टप्प्याला फोटो काढून संपतात, आणि खरी गळती इथून सुरू होते.

केंद्राने निकालाचं साध्या भाषेतलं पत्र ३० दिवसांत बाईला पाठवलंच पाहिजे, असा संघराज्याचा नियम आहे. निकाल संशयास्पद असेल तर सात दिवसांत. पण साधी भाषा म्हणजे बऱ्याचदा साधी इंग्रजी. पत्र येतं, फ्रिजवर चुंबकाखाली लागतं आणि शाळेतून मुलगा येईपर्यंत तसंच राहतं. म्हणून प्रोमोतोराने तपासणीच्या दिवशीच वहीत तारीख टाकायची: या दिवसापर्यंत पत्र आलं नाही तर मी फोन करणार.

पत्रात किंवा डॉक्टरकडच्या अहवालात दिसणारे आकडे तुम्हाला माहीत असलेले बरे:

- ० म्हणजे चित्र अपुरं, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी. हा कर्करोगाचा निकाल नाही.
- १ आणि २ म्हणजे ठीक.
- ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, साधारण सहा महिन्यांनी परत बघू.
- ४ आणि ५ म्हणजे तुकडा काढून तपासायचा, लगेच.

माहीत असणं वेगळं आणि सांगणं वेगळं. निकालाचा अर्थ बाईला क्लिनिकनेच सांगायचा. तुम्ही फक्त फोन जोडून द्यायचा, दुभाषा मागायचा आणि शेजारी बसायचं.

दोन गोष्टी मात्र प्लातिकेतच सांगून ठेवलेल्या हव्यात, पत्र हातात पडल्यावर सांगून उपयोग नाही. एक, तपासणी झालेल्या १०० बायकांपैकी साधारण १० जणींना परत बोलावतात आणि त्यांतल्या बहुतेक जणींना कर्करोग नसतो. हे आधी ऐकलेलं असेल तर फोन आल्यावर बाई येते. पहिल्यांदाच ऐकत असेल तर मृत्यूचा निरोप आल्यासारखी घरात बसून राहते. दोन, १० सप्टेंबर २०२४ पासून पत्रात स्तनाची घनता लिहावी लागते. "दाट" हा शब्द वाचून बायका हबकतात. चाळिशीपुढच्या साधारण निम्म्या बायकांची घनता दाट गटातच मोडते. तो आजार नाही. मात्र दाट असेल तर फोटोत काही गोष्टी झाकल्या जातात आणि धोकाही थोडा वाढतो, म्हणून पुढे काय करायचं ते डॉक्टरला विचारावं.

४ किंवा ५ आला तर पहिल्या टप्प्यात लिहून घेतलेला कागद काढा. पैसे कुठून, कुठली खिडकी, कुठले कागद. प्रोमोतोरा पहिल्या भेटीला बरोबर जाते. त्या बाईला त्या दिवशी काही ऐकू येत नाही, म्हणून एक जण फक्त लिहायला हवं. हे काम तुम्ही करू शकता, तिची परवानगी असेल तर.

सावध: ३ आकड्याच्या बायका सगळ्यात जास्त हरवतात. १ आणि २ वाल्या निश्चिंत असतात, ४ आणि ५ वाल्यांच्या मागे सगळं केंद्र लागतं. सहा महिन्यांनी या, असं ऐकलेल्या बाईच्या मागे कोणीच नसतं, आणि तोवर तिने घर बदललेलं असतं.

## ७. नोंद बंद कधी करायची

"मॅमोग्राम झाला" असं लिहून ओळ खोडू नका. निकाल बाईपर्यंत पोचला आणि तिला तो समजला. परत बोलावलं असेल तर ती गेली आणि तिथला निकालही आला. पुढच्या तपासणीचा महिना आणि वर्ष वहीत आणि तिच्या घरच्या दिनदर्शिकेवर लिहिलं गेलं. या तिन्हींपुढे खूण झाली की ओळ बंद.

ऑक्टोबरमध्ये सगळीकडे गर्दी असते, तारखा मिळत नाहीत. यंदा तुमच्या हातात वेळ असेल तर फेब्रुवारीत या. मागच्या वहीतल्या न बंद झालेल्या ओळी तेव्हा आम्ही एकेक करून काढतो, आणि नंबर लागत नसलेल्या बायकांच्या कोमाद्रेंना फोन करायला माणसं कमी पडतात.